मानशीची दारे कुणाच्या हातात? खाजणांच्या कूळसंघांना खुले पत्र

प्रति,
व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार व सभासद,
गोव्यातील खाजण शेतीचे सर्व कूळसंघ

सनविवि.

कापणी उरकली, भात घरात आले, बांधावरची वाट पुन्हा कोरडी झाली. खाजणाला, म्हणजे बांध घालून खाऱ्या नदीपासून राखलेल्या सखल शेताला, वर्षातून एवढीच सवड मिळते. काही गावांत नव्या समित्या बसत आहेत, मानशींच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांच्या, पावणीची (तिथली मासळी धरण्याच्या लिलावाची) बोलणी सुरू होत आहेत. म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहोत. जूनमध्ये कुणाला वाचायला वेळ नसतो, आणि वाचूनही तेव्हा काही करता येत नाही.

बांध फुटला की वर्तमानपत्रात फोटो येतो, मामलेदार येतात, आमदार येतात. बांध नुसता पाझरला तर कुणी येत नाही. सरले वर्ष असेच पाझरण्याचे गेले. वरच्या कोपऱ्यात भात खांद्याइतके, खालच्या कोपऱ्यात पातीची टोके करपलेली. निसवण झाली, पण लोंबीत पळंज (पोकळ दाणे) जास्त. हे रोगाने झाले असे समजून औषधे मारली गेली. रोग नव्हता, मीठ होते. आणि ते मीठ वादळाने किंवा समुद्राने फार थोडे आणले. बहुतेक ते मानशीच्या दारातून आणि कुर्ल्यांच्या (खेकड्यांच्या) बिळांतून आले, म्हणजे ज्या दोन गोष्टी कूळसंघाच्या हातात आहेत त्यांतूनच.

आमचे म्हणणे एकच आहे. पावणीचा पैसा आणि मानशीच्या दारांचा ताबा ही दोन्ही भाताच्या वेळापत्रकाला बांधा. आज ती मासळीच्या वेळापत्रकाला बांधलेली आहेत. पावणी उशिरा होते, हप्ते त्याहून उशिरा येतात, आणि बांधाचे काम मे महिन्याच्या मध्यावर, आभाळ भरून आले असताना निघते. एवढे केल्यावर ‘काम केले पण टिकले नाही’ असा ठराव होतो. टिकणार कसे?

बांधाचा चिखल म्हणजे सिमेंट नव्हे, त्याला मुरायला वेळ लागतो. सुकतीला (ओहोटीला) कापलेले चिखलाचे गड्डे थरावर थर रचले की ते पहिल्या महिन्यात आकसतात, भेगा पडतात. त्या भेगा पुन्हा ओल्या चिखलाने बुजवाव्या लागतात. म्हणजे पहिला हात जानेवारीत आणि दुसरा मार्चच्या अखेरीस असे दोन हात झाले तरच जूनचा पहिला मारा बांध सोसतो. मेमध्ये एकाच हातात उरकलेला बांध बाहेरून गुळगुळीत दिसतो, आत त्याच्या भेगा तशाच असतात.

चिखल कुठून घ्यायचा यावरही बोलले पाहिजे. यंत्र आणले की चालकाला सोपे पडते म्हणून तो बांधाच्या पायथ्यालाच खड्डा खणतो आणि तोच चिखल वर चढवतो. बांध उंच दिसतो, पायथा मात्र पोकळ होतो, आणि पुढच्या उधाणाला बांध त्या खड्ड्यात बसतो. पायथ्यापासून निदान चार-पाच मीटर सोडून खणायचे, ही अट कामाच्या आदेशात लिहून द्या. डोंगरावरची तांबडी माती टाकू नका. ती स्वस्तात ट्रकने येते, पण खाजणाच्या काळ्या चिखलासारखी चिकट नसते आणि पाणी अडवत नाही. आणि नुसत्या काँक्रीटच्या भिंतीचा मोह टाळा. मऊ चिखलावर ती एकसारखी बसत नाही. कुठे खचते, कुठे उभी राहते, मध्ये तडा जातो, आणि पाणी तिच्या खालून वाट काढते. चिऱ्याचा दगड नदीच्या अंगाला, चिखल पोटात आणि आतल्या अंगाला उतार, ही जुनी रचना काही उगाच नव्हती.

कुर्ल्यांच्या बिळांचे काम बारीक आहे, म्हणून ते ठेक्यात येत नाही. बीळ नदीच्या अंगाने दिसते आणि लोक तिथेच मूठभर चिखल थापून परततात. त्याने काही होत नाही, कारण कुर्ली दुसरे तोंड करते. भरती चढलेली असताना बांधाच्या आतल्या अंगाने चालावे. ओलसर ठिपका किंवा गढूळ धार दिसेल तिथे काठी खोवावी. मग सुकतीला तिथपासून बीळ शेवटापर्यंत उकरून काढावे आणि ताज्या चिखलाने, थोडे तण मिसळून, पायाने तुडवत भरावे. धार स्वच्छ असेल तर आठवडाभर थांबता येते. धार गढूळ असेल तर बांधाची माती वाहून जात आहे, तेव्हा त्याच दिवशी उकरावे. बोटभर बिळाचे भगदाड व्हायला एक उधाण पुरते.

आता मानशीकडे येऊ.

मानस हे खाजणाचे सर्वांत हुशार यंत्र. दारे नदीच्या बाजूला उघडतात. सुकतीला नदी उतरली की आतले पाणी दारे ढकलून बाहेर पडते, भरती चढू लागली की नदीचे पाणीच दारे दाबून बंद करते. वीज नको, माणूस नको. पण दार पूर्ण मिटले तरच हे खरे. गेल्या वर्षी दारे न मिटण्याची कारणे सगळीकडे तीच दिसली: चौकटीत अडकलेली प्लास्टिकची बाटली किंवा नारळाचे थोटूक, खाचेत बसलेली कालवे, फुगून वाकडी झालेली फळी, आणि मुद्दाम घातलेली पाचर.

पहिल्या तिघांवर उपाय सोपा आहे. महिन्यातून दोनदा, अमावास्या-पौर्णिमेच्या खोल सुकतीला, चौकट उघडी पडते तेव्हा कोयत्याने खरवडून काढा. फळ्यांवर हातोडीने टकटक करून ऐका. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तर खाऱ्या पाण्यातल्या किड्याने आत पोखरले आहे, मग वरून फळी कितीही धडधाकट दिसो. होडीला लावतात तसे काजूच्या टरफलाचे तेल फळी पूर्ण सुकल्यावर दोन हात द्यावे. लोखंडी दारे बसवली असतील तर रंगाच्या आतला गंज बघा, विशेषतः खालच्या कडेला. उंबरठ्याखालून पाणी झिरपते का हेही बघा. दार उत्तम मिटले आणि उंबरठ्याखालून पाणी आत आले तर उपयोग शून्य. गळती ओळखायची खूण अशी: भरती अर्धी झाल्यावर मानशीच्या आतल्या बाजूला पाण्यावर गवताची काडी टाका. काडी जागेवर घुटमळली तर दार धड आहे. शेताकडे सरकू लागली तर गळते आहे.

चौथे कारण, म्हणजे पाचर, खरवडून जात नाही. मानशीच्या तोंडाशी सुकतीला जाळे लावले की आतून बाहेर पडणारी सुंगटे, शेवटे, काळुंदर, नशीब असेल तर चोणकूल मिळते. आत जितके पाणी घ्यावे तितकी मासळी जास्त. म्हणून भरतीला दार पाचर घालून उघडे ठेवायचे, पाणी भरू द्यायचे आणि सुकतीला जाळे लावायचे. यात पावणी घेणाऱ्यालाच दोष देऊन भागत नाही. त्याने बोली लावताना पैसे मोजलेत आणि संघाने त्याला दारांबद्दल एक ओळही लिहून दिलेली नाही. बोली जेवढी चढते तेवढे आपण टाळ्या वाजवतो, आणि मग त्याने ते पैसे वसूल करायला खारे पाणी घेतले की कपाळावर हात मारतो.

पावणीच्या कागदात काय असावे, ते सांगतो. दारांना दोन कुलपे असावीत, एक चावी संघाकडे, एक ठेकेदाराकडे, म्हणजे दोघांशिवाय दार अडवता येणार नाही. मेच्या मध्यापासून कापणी होईपर्यंत भरतीचे पाणी आत घ्यायचे नाही, दारे आपसूक चालतील तशीच चालतील. कापणीनंतर पाणी घ्यायचे असेल तर किती, ते मानशीच्या खांबावर रंगाने खूण करून ठरवावे. त्या खुणेच्या वर पाणी दिसले की अनामत रकमेतून कपात, तीही त्याच आठवड्यात, वर्षअखेरीला नव्हे. पोंयेत (मानशीच्या आतल्या पाण्याच्या चरात) विष किंवा स्फोटक वापरले तर ठेका रद्द. अगदी बारीक आसाचे जाळे नको, पिल्ले उपसली तर पुढच्या वर्षीची बोलीच उतरते. आणि पहिला हप्ता डिसेंबरअखेर, म्हणजे जानेवारीच्या चिखलाला पैसे हातात असतील. या अटींमुळे बोली थोडी उतरेल. उतरू द्या. उतरलेल्या बोलीची आणि खालच्या कोपऱ्यातल्या पळंज भाताची बेरीज-वजाबाकी एकदा कागदावर मांडून बघा.

संघाला हा अधिकार आहे का, असे दर सभेत कुणीतरी विचारते. आहे. १९६४चा कूळवहिवाट कायदा आणि त्याखालचे १९७५चे नियम कुळांच्या संयुक्त जबाबदारीसाठीच केलेले आहेत. बांध आणि मानस राखणे हे या संघांचे मूळ काम, मासळीची पावणी हे त्या कामासाठी पैसा उभा करण्याचे साधन. बऱ्याच ठिकाणी हे उलटे झाले आहे. पावणी होते म्हणून संघ जिवंत आहे, एवढेच.

मीठ धुण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नव्या सभासदांपैकी बरेच जण शेतीत नव्याने परतलेले आहेत. पहिला जोराचा पाऊस पडला की लगेच पेरणीची घाई करू नये. शेतात दहा-पंधरा सेंटिमीटर पाणी अडवावे, दोन-तीन दिवस मुरू द्यावे, मग खोल सुकती बघून सगळे सोडून द्यावे. असे दोन-तीन वेळा. जुने लोक पाणी जिभेवर ठेवून सांगत, आता खिशात मावणारे मीटर मिळते. दोन-तीन दिवसांच्या मजुरीत येईल एवढीच त्याची किंमत. संघाने एक घेऊन ठेवावे. भातासाठी मातीच्या अर्काची खारटपणाची मर्यादा साधारण ३ डेसीसीमेन्स प्रति मीटर मानतात. त्यापुढे दर एका अंकाला उत्पादन सुमारे १२ टक्क्यांनी घटते. म्हणजे ६ वर गेले की तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पीक गेले, आणि शेत अजून हिरवेच दिसते! समुद्राचे पाणी याच मापात ५०च्या आसपास असते, म्हणून थोड्या गळतीनेही एवढा फरक पडतो.

भात सर्वांत नाजूक दोन वेळा असते, रोप कोवळे असताना आणि फुलोऱ्यात. जुलैत आणि सप्टेंबरात दार गळले तर नुकसान दुप्पट. ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली की जमीन सुकते आणि खालचे मीठ वर चढते. तेव्हा निदान पाच सेंटिमीटर पाणी उभे ठेवावे. उघडिपीत ‘थोडे पाणी घेऊ’ म्हणून नदीचे पाणी घेणारा शेतकरीही आपल्यातच आहे, त्याला वेळीच अडवा.

बियाण्याचे एक वाक्यात सांगणे अवघड. खालच्या खाऱ्या कोपऱ्यात जया, ज्योती पेरून दैवाला बोल लावू नये. तिथे कोरगुट, आझगो, किंवा जुने गोवे येथील आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) केंद्राने काढलेल्या गोवा धान मालिकेतील खार सोसणाऱ्या जाती घ्याव्यात. कोरगुट उंच वाढते आणि लोळते, उत्पादन कमी, पण जिथे दुसरे काही उभेच राहत नाही तिथे ते उभे राहते. घरचे बी असेल तर दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाका. तरंगणारे काढून टाका, तळाचे दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुऊन मगच भिजत घाला. बी एकाच कोठीत मिसळू नका. कोरगुटाचे शुद्ध बी शोधावे लागते ही पाळी याच सवयीने आली.

यंदा कापणीला आणखी एक घोळ दिसला. पट्ट्यावर चालणारे कापणी यंत्र आले, पण शेतात पाणी होते. यंत्र रुतले, तासाचे भाडे चालू राहिले. कापणीच्या आधी बारा-पंधरा दिवस शेत निथळले पाहिजे, म्हणजे मानशीच्या दारांचा निर्णय यंत्राच्या तारखेआधी दोन आठवडे व्हायला हवा. आणि नेमके तेव्हाच मासळीसाठी पाणी हवे असते. पुन्हा तेच कुलूप, तीच चावी.

पुढे काय बदलणार आहे, हे आता थोड्या हिशेबाने.

उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१५ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली, असे केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा अहवाल सांगतो. हा वेग धरला तर तीस वर्षांत दहा सेंटिमीटर. एवढ्याने बांध बुडत नाही, म्हणून लोक हसण्यावारी नेतात. पण फटका बांधाच्या उंचीला बसण्याआधी निचऱ्याला बसतो. उधाणाच्या दिवसांत भरती-सुकतीचा फरक आपल्या किनाऱ्यावर साधारण दोन मीटर. मधल्या वेळात पाणी तासाला अर्धा मीटर उतरते. नदी दहा सेंटिमीटरने वर राहिली तर दार बारा मिनिटे उशिरा उघडेल आणि बारा मिनिटे लवकर मिटेल. हे चालेल. पण भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-सुकतीला, पाणी तासाला वीस सेंटिमीटरच उतरते. तिथे हीच दहा सेंटिमीटर सुरुवातीचा अर्धा आणि शेवटचा अर्धा तास खाते. ज्या खाजणाला भांगाला दोन-अडीच तासच मिळतात, तिथे जवळजवळ निम्मा निचरा गेला. उधाणाला भीती बांधाची, भांगाला निचऱ्याची. आपण पहिलीचीच काळजी करतो.

आता त्या दोन-अडीच तासांत किती पाणी जायला हवे ते बघा. पन्नास हेक्टरच्या खाजणावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पन्नास हजार घनमीटर पाणी झाले, डोंगरावरून येणारे वेगळेच. एक चौरस मीटरच्या दारातून सेकंदाला मीटरभर वेगाने पाणी गेले तर तासाला ३६०० घनमीटर. तीन दारे असतील तर साडेचार तासांहून थोडे जास्त. एक दार अडकले असेल तर सात तास. म्हणजे सगळी दारे चालली तरी भांगाला एका सुकतीत निचरा होत नाही, पाणी दुसऱ्या सुकतीपर्यंत तुंबते. दार अडकले तर तिसऱ्या सुकतीपर्यंत, आणि मग अडकलेल्या दाराची किंमत कळते. जिथे पोंय गाळाने भरली आहे तिथे पाणी दारापर्यंत पोचतच नाही. पोंयेचा गाळ काढा, तोच चिखल बांधाला वापरा. त्यावर दोन वेगळी कामे, दोन वेगळी बिले कशाला?

पडीक टाकलेल्या शेतांचे काय, हा प्रश्न प्रत्येक समितीने टाळला आहे. शेत पडीक, दार उघडे, खारे पाणी आत, की खारफुटीच्या शेंगा वाहत येऊन रुजतात. दोन-चार वर्षांत झाडे होतात, मग वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि शेत कागदावर शेत उरते. नदीच्या अंगाची खारफुटी बांधाची मैत्रीण, तिला हात लावू नये. ती लाट मोडते. ती आत यायला नको असेल तर आतले पाणी गोडे ठेवा, दुसरा उपाय नाही. शेतजमिनीच्या विक्रीवर २०२३च्या कायद्याने निर्बंध आले. त्याने बाहेरचा गिऱ्हाईक थांबेल, आतले खारे पाणी थांबणार नाही.

शेवटची मागणी एका वहीची. मानशीजवळ कुणाच्या तरी घरी एक वही असू द्या. रोज एक ओळ: तिथी, भरती-सुकतीची वेळ, आतल्या पाण्याची पातळी, दारे मिटली की नाहीत, पाऊस, आणि सही. पातळीसाठी खांबावर दहा-दहा सेंटिमीटरच्या पांढऱ्या रेघा ओढा, सर्वांत मोठ्या उधाणाची रेघ लाल. बांधाचा माथा त्या लाल रेघेच्या अर्धा मीटर वर आहे का, ते मग कुणालाही दिसेल. भरतीचे कोष्टक मुरगावचे मिळते, पण नदीत आत भरती उशिरा पोचते. किती उशिरा, ते आपापल्या मानशीवर घड्याळ लावून आठ-दहा दिवस मोजा. तो फरक एकदा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला की झाले, भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. वही सभेत ठेवा. पावणीच्या हिशेबाशेजारी.

पावणीची नोटीस लावण्याआधी वरच्या अटी मामलेदारांच्या कार्यालयात लेखी द्याव्यात आणि मसुदा सर्व कुळांना वाचून दाखवावा, ही विनंती. समितीने येत्या अमावास्येच्या सुकतीला मानशीवर यावे. सोबत कोयता, हातोडी आणि पांढरा व लाल रंग आणावा. शिडी आमच्याकडे आहे.

आपले,
खाजण कसणारी कुळे